मावशीचा घाबरट कुत्रा पंधरा दिवस आपल्याकडे : काय विकत घ्यावं, काय घेऊ नये

चवथ, म्हणजे गोव्यातली गणेश चतुर्थी, जवळ आली की पणजी, मडगाव, वास्कोतले फ्लॅट कुलुपबंद व्हायला लागतात. माणसं मूळ घरी जातात. तिथं माटोळी (गणपतीवर टांगलेलं फळांचं छत), आरत्या, पाहुण्यांची वर्दळ आणि विसर्जनापर्यंत फटाके. गणपती दीड दिवसाचा असला तर लवकर सुटका, नाहीतर पाच, सात, नऊ, अकरा. घाबरट कुत्र्याला तिकडं न्यायचं नाही, एवढं शहाणपण आता बऱ्याच घरांत आलं आहे. मग तो भाचीकडे, आत्येभावाकडे, "तुमच्याकडची पोरं त्याला जीव लावतात हो" असं म्हणत कुणाच्या तरी दारात पोचतो. सोबत एक पिशवी: थाळी, पट्टा, आठवड्याचं खाणं. दुसऱ्या रात्रीही तो पलंगाखालून बाहेर येत नाही, तेव्हा यजमान फोन उघडतो आणि 'घाबरट कुत्र्यांसाठी' असं लिहिलेलं जे जे दिसेल ते मागवून मोकळा होतो.

हा आढावा त्या ऑर्डरीचा आहे. वस्तू तपासल्या त्या गोव्यातल्या घराच्या हिशेबानं. म्हणजे दमट आणि खारी हवा, पावसात जाणारी वीज, गुळगुळीत मोझॅक, दारावरून दिवसातून दोनदा वाजत जाणारा पोदेराचा (पाव विकणाऱ्याचा) हॉर्न. कुत्रा मध्यम, १२ ते २० किलोचा, देशी किंवा अर्धा देशी. मुक्काम दहा ते पंधरा दिवसांचा. आणि मुख्य म्हणजे कुत्रा आपला नाही. त्यामुळे चुकून निसटला, चुकीचं काही खाल्लं, तर उत्तर मावशीला द्यायचं आहे.

निकाल आधीच सांगतो. पैसे तीन गोष्टींवर घाला: न निसटणारा हार्नेस आणि लांब पट्टा, एक साधा कॅमेरा, दाराचं फाटक. बाकीचं सामान स्वयंपाकघरात आहे. 'शांत करणारं' म्हणून जे विकतात त्यातलं बहुतेक न घेतलं तरी काही अडत नाही. कारण सरळ आहे. ज्या गोष्टीची भीती वाटते ती एवढी लांब हवी की कुत्रा तिच्याकडे बघूनही खाऊ शकेल. तेवढ्या अंतरावर रोज थोडा वेळ गेला की भीती उतरते. डबीतली गोळी किंवा अंगात घातलेलं जाकीट हे अंतर राखून देत नाही. पट्टा आणि फाटक देतात.

तीन पट्ट्यांचा हार्नेस: पाचपैकी पाच

घाबरलेला कुत्रा पुढे पळण्याआधी मागे सरकतो. डोकं खाली घालतो, खांदे आत ओढतो, आणि गळ्यातला पट्टा कानांवरून अलगद निघून हातात राहतो. देशी कुत्र्याचं तर डोकं मानेपेक्षा फारसं मोठं नसतं, त्यामुळे साधी कॉलर त्याच्यासाठी दागिना. दोन पट्ट्यांचा नेहमीचा हार्नेसही मागे ओढला की याच वाटेनं निघतो. देशी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक. तिसरा पट्टा बरगड्यांच्या मागे, त्या बारीक जागी बसतो आणि छातीवरून पुढे येऊ शकत नाही, म्हणून हार्नेस अंगावर टिकतो.

मापं तीन घ्यायची: मानेचा खालचा घेर, पुढच्या पायांमागे छातीचा सगळ्यात मोठा घेर, आणि कंबर. मापाचा टेप बघून कुत्रा बिथरत असेल तर सुतळीनं माप घ्या आणि ती नंतर पट्टीवर मोजा. कुठल्याही पट्ट्याखाली दोन बोटं आडवी सहज जायला हवीत, तीन गेली तर ढिला. छातीचा पट्टा काखेपासून तीन-चार बोटं मागे हवा. काखेत गेला तर आपल्या हवेत दोन फेऱ्यांतच कातडी लाल होते आणि ओलाव्यानं चिघळते. छातीवरची शिवण इंग्रजी वायसारखी, म्हणजे मानेखालून सरळ पायांच्या मधे उतरणारी असावी. खांद्यांवरून आडवा जाणारा पट्टा पाय पुढे टाकायला अडवतो.

एक गोष्ट जाहिरातीत कधी दिसत नाही. डोक्यावरून घालायचे हार्नेस घाबरट कुत्र्याला नकोसे होतात, कारण वरून येणारा हात आणि फास हीच त्याची पहिली भीती असते. मानेजवळही बकल असलेलाच घ्या. बकलचा 'टक' आवाजही कमी नाही. मुठीत दाबून लावला तर निम्मा होतो. पहिल्या दिवशी हार्नेस नुसता जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती खाऊ टाका. दुसऱ्या दिवशी पाठीला टेकवा, खाऊ द्या, काढून घ्या, असं पाच-सहा वेळा. तिसऱ्या दिवशी एक बकल. तोवर शी-सू कुंपणाच्या आतच उरकायची. पहिल्याच संध्याकाळी गावभर फिरवून आणलं नाही म्हणून कुत्रा आजारी पडत नाही. नव्या घरात आलेला कुत्रा निसटतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच, आणि निसटल्यावर तो तुमच्या घराकडे येत नाही, कारण ते त्याचं घरच नाही.

घरात हार्नेस काढून ठेवा आणि पंख्याखाली टांगा. पावसाळ्यात आतलं स्पंज-अस्तर दोन दिवस वाळत नाही, त्यावर बुरशी धरते, आणि मग कुत्रा खाजवतो तेव्हा लोक 'ताण आलाय' म्हणतात. जाळीदार पातळ अस्तर दिसायला साधं, पण इथं तेच बरं.

हुकाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. किनाऱ्यालगतच्या गावांत मुलामा दिलेल्या लोखंडी हुकाची स्प्रिंग एका पावसाळ्यात अडकायला लागते. बाहेरून चकचकीत दिसतो, पण जीभ पूर्ण मिटत नाही. ओढ बसली की उघडतो. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा हुक घ्या, आणि किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्यानं धुवा.

पहिला आठवडा दुहेरी हुकाचा पट्टा: एक टोक हार्नेसच्या पाठीवरच्या कडीत, दुसरं मार्टिंगेल कॉलरला. ही कॉलर ओढ बसल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळते, म्हणजे डोक्यावरून निघतही नाही आणि गळा दाबतही नाही. फिरणं झालं की ती काढून ठेवायची.

लांब पट्टा: पाचपैकी साडेचार

पाच मीटर गावच्या वाटेला पुरतो, दहा मीटर मैदानाला. प्लास्टिकचा लेप दिलेला, १३ ते १६ मिलिमीटर रुंदीचा पट्टा घ्या. पाणी शोषत नाही, वाळू झटकली की जाते, चिखल फडक्यानं पुसला की संपलं. सुती दोर भिजला की जड होतो, वास मारतो आणि हातातून सरकला तर तळवा भाजतो. हातात धरायच्या टोकाला शिवलेला फास असेल तर कापून टाका. पट्टा हातातून सुटलाच तर तो फास कुडाच्या काठीत नाहीतर मुळात अडकतो. हा पट्टा नेहमी पाठीवरच्या कडीत लावायचा. कॉलरला लावला तर दहा मीटर धावून शेवटी बसणारा हिसका थेट मानेवर जातो. हाताला गुंडाळायचा नाही, घड्या करून धरायचा.

अर्धा गुण कापला तो लोक त्याचा वापर करतात त्यावरून. लांब पट्टा कुत्र्याला लांब पाठवण्यासाठी नाही. त्याला स्वतःहून बाजूला सरकता यावं म्हणून आहे. समोरून दुसरा कुत्रा आला आणि आपला कुत्रा वळून मागे आला, तर त्यानं योग्य तेच केलं. तिथं "अरे, काय नाही करत तो" म्हणत त्याला पुढे ओढलं की आठवड्याची मेहनत पाण्यात.

समुद्रकिनारा पहिल्या आठवड्यात नकोच. बहुतेक किनाऱ्यांवर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या असतात, त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, आणि मोकळ्या वाळूत लपायला आडोसा नसतो. पहाटेचं रिकामं फुटबॉल मैदान किंवा कापणीनंतरचं शेत बरं. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पाठ पाच-सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही.

आपोआप आत-बाहेर होणारा डबीतला पट्टा: शून्य. त्यात सतत ताण राहतो, म्हणजे कुत्र्याला कधीच 'मोकळं' वाटत नाही. हातातून सुटला तर प्लास्टिकची डबी खडखडत त्याच्या मागे धावते. घाबरट कुत्र्याला याहून वाईट काही करायचं झालं तर मुद्दाम ठरवूनच करावं लागेल.

पोदेर, कोंबडी आणि क्रम

ही विकत घ्यायची वस्तू नाही, तरी आढाव्यात हवी. कारण एवढं साधलं तर बाकी खरेदी निम्मी होते. पोदेराचा 'पों-पों' हॉर्न सकाळी आणि संध्याकाळी साधारण ठरलेल्या वेळी येतो. भीती कमी करायला असा वेळेवर येणारा आवाज म्हणजे आयता शिक्षक. उकडलेल्या, बिनमिठाच्या कोंबडीचे वाटाण्याएवढे पंधरा-वीस तुकडे वाटीत घ्या. पोदेराच्या वेळेआधी कुत्र्याला घेऊन रस्त्यापासून सगळ्यात आतल्या खोलीत बसा. हॉर्न ऐकू आला की एका सेकंदानं पहिला तुकडा. आवाज येतोय तोवर एकामागून एक. आवाज थांबला की वाटी बंद.

क्रम चुकला की सगळं उलटं होतं. आधी कोंबडी दाखवून मग हॉर्न वाजला, तर कुत्रा शिकतो की कोंबडी दिसली म्हणजे तो आवाज येणार. चार दिवसांनी तो कोंबडीचीच धास्ती घेतो आणि यजमान म्हणतो, "याला तर काही आवडतच नाही." तुकडा तोंडाजवळ नेऊनही घेत नसेल, किंवा घेतोय पण बोटं चावल्यासारखा हिसकावून, तर अंतर कमी पडतंय. आणखी आत जा, दार लोटा, पंखा मोठा करा. तीन-चार दिवस नीट खाल्लं की एक खोली पुढे. बाल्कांवापर्यंत (पुढच्या ओसरीपर्यंत) पंधरा दिवसांत पोचला नाही तर नाही पोचला. मासेवालीचा हॉर्न आणि गॅसची गाडी यांनाही हेच लागू, फक्त त्यांच्या वेळेचा भरवसा नाही, म्हणून वाटी हाताशी ठेवायची.

सगळा मिळून खाऊ दिवसाच्या अन्नाच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका; कोंबडी वाढली तर थाळीतलं कमी करा. नाहीतर पोट बिघडतं आणि जुलाबाचं खापर पुन्हा 'ताणा'वर फुटतं.

कॅमेरा: पाचपैकी चार

घरात एकटं राहण्याची भीती असलेल्या कुत्र्यासाठी दीड ते तीन हजारांचा घरगुती वायफाय कॅमेरा पुरतो. 'खास पाळीव प्राण्यांसाठी', खाऊ उडवणारे महागडे कॅमेरे घेऊ नका. खाऊ सुटताना होणाऱ्या 'खर्र' आवाजानंच काही कुत्रे त्या खोलीत पाय टाकत नाहीत. मान फिरवणारा कॅमेरा घेतलात तर फिरणं बंद ठेवा, त्या मोटारीची गुणगुण कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू येते. कॅमेऱ्यातून हाक मारायची सोय असते, तीही वापरू नका. माणसाचा आवाज आहे आणि माणूस नाही, हे कोडं घाबरट कुत्र्यापुढे टाकण्यात काहीच मिळकत नाही.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग एकच: पहिला अर्धा तास. एकटेपणाचा त्रास बहुतेक कुत्र्यांत याच वेळात दिसतो, पुष्कळदा पहिल्या काही मिनिटांत. नुसता दाराकडे बघत पडला तर ठीक. येरझाऱ्या, ऊन नसताना धापा, लाळ, दाराच्या चौकटीला ओरबाडणं, लांब सुरात रडणं हे दिसलं तर तेवढा वेळ त्याला झेपत नाही. 'रडून रडून गप्प बसेल' हा सल्ला इथं घातक. तो गप्प बसतो तो थकून, आणि पुढच्या वेळी रडं लवकर सुरू होतं.

सुरुवात पाच सेकंदांपासून. दाराबाहेर जा, आत या, काही बोलू नका. मग दहा, पाच, वीस, आठ, तीस. आकडा सरळ चढता ठेवला तर कुत्रा चढच शिकतो. मधेमधे सोपा आकडा हवा. एका बैठकीत सहा-सात खेपा पुरेत. यात निघण्याच्या खुणा वेगळ्या काढाव्या लागतात: किल्ल्यांचा खळखळाट, चपला, आणि गोव्यात सगळ्यांत मोठी म्हणजे स्कूटर सुरू होण्याचा आवाज. दिवसातून चार-पाच वेळा स्कूटर सुरू करा, बंद करा, आणि परत येऊन पेपर वाचत बसा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

हे चाललेलं असताना कुत्र्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. म्हणजे घरात आळीपाळीनं कुणीतरी हवं. जिथं दोघंही नऊला बाहेर पडतात आणि सहाला येतात, तिथं मावशीला आधीच नाही म्हणणं योग्य.

गुण कापला तो विजेसाठी. पावसात वीज गेली की राउटर बंद आणि कॅमेरा आंधळा. राउटरला छोटा बॅटरी-बॅकअप जोडा आणि कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाका. फोनवर दिसणारं चित्र दोन-पाच सेकंद उशिरा येतं, हेही लक्षात ठेवा. दहा सेकंदांच्या खेपेत त्याचा उपयोग नाही, तेव्हा दाराच्या फटीतून कान द्यावा.

फाटक, चटई, पिंजरा

दाराला दाबून बसवायचं फाटक बहुतेक ७५ ते ८५ सेंटिमीटरच्या चौकटीसाठी असतं. फ्लॅटमध्ये नीट बसतं. जुन्या घरांची दोन झडपांची दारं याहून रुंद, भिंती जाड, आणि गिलावा वरखाली. तिथं जोडपट्टी घ्या आणि रबरी टोपीखाली लाकडाची चीप घाला, नाहीतर कुत्र्यानं अंग टेकलं की फाटक आडवं. तरणं देशी कुत्रं ७५ सेंटिमीटर उंची सहज ओलांडतं, त्याला उंच फाटक. पण उपयोग मोठा आहे: पाहुणे आले की कुत्रा आत राहून बघू शकतो, आणि पाहुण्याला "हात लावू नका" असं वीसदा सांगावं लागत नाही. चार गुण.

मोझॅकवर आणि घोटलेल्या लाल सिमेंटवर घाबरलेल्या कुत्र्याचे पाय चारी दिशांना सरकतात, आणि सरकणारा पाय म्हणजे वाढलेली भीती. पलंगापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत खालून रबर असलेल्या पायपुसण्यांची वाट करा. एवढ्या स्वस्तात एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही. त्याच्या कोपऱ्यात मावशीच्या घरची न धुतलेली चादर. हे मागायला लोक लाजतात, लाजू नका.

जाळीचा पिंजरा आधीपासून सवयीचा असेल तरच. नसेल तर पंधरा दिवसांत दार लावून बंद करू नका. बाहेर पडायच्या धडपडीत दात आणि नखं मोडतात. मे महिन्यात त्याच्यावर जाड चादर टाकून 'गुहा' करण्याचा सल्ला थंड प्रदेशांतून आलेला आहे.

खाऊ भरायची खेळणी

काँगसारखं पोकळ रबरी खेळणं, पाचपैकी साडेचार. काळं जोरात चावणाऱ्यांसाठी, लाल नेहमीच्यांसाठी, जांभळं म्हाताऱ्यांसाठी. दुसऱ्या टोकाला छोटं भोक असायलाच हवं. एकाच भोकाच्या स्वस्त नकलेत चाटताना हवा ओढली जाते आणि जीभ अडकू शकते.

भरायला बाहेरून पेस्ट आणायची गरज नाही. उकड्या तांदळाची घट्ट पेज, बिनमिठाची, त्यात दोन चमचे दही आणि मूठभर उकडलेला लाल भोपळा. पहिले दोन दिवस नुसतं भरून द्या. मग दोन तास फ्रीझरमध्ये, मग रात्रभर. पहिल्याच दिवशी दगडासारखं गोठलेलं दिलं तर घाबरट कुत्रा दोनदा चाटून सोडून देतो. पोईचा (गोव्यातल्या कोंड्याच्या पावाचा) कोरडा तुकडा टोकाला बूच म्हणून छान बसतो. कांदा-लसणाचा उरलेला रस्सा, मनुका, चॉकलेट नाही. शेंगदाण्याचं बटर घेतलं तर झायलिटॉल हा गोडवा त्यात नाही ना, हे लेबलवर वाचा, कुत्र्याला तो विष आहे. शिजवलेली हाडं आणि बांगड्याचे काटे तर नकोतच.

इथली खरी अडचण मुंग्या. चाटून अर्धवट सोडलेलं खेळणं अर्ध्या तासात काळं होतं, आणि मुंग्या चावल्या की कुत्रा खेळण्यालाच घाबरतो. पाण्याच्या परातीत वाटी उपडी घालून त्यावर द्या, किंवा वीस मिनिटांनी उचला. धुवायला बाटलीचा ब्रश.

चाटायची सिलिकॉनची चटई दोनशे ते पाचशे रुपयांत मिळते. साडेतीन गुण. खालच्या चकत्या गुळगुळीत टाइलवर चिकटतात, खडबडीत फरशीवर नाही. चमचाभर दही पातळ पसरा. नखं कापताना, गोचीड काढताना, गडगडाट सुरू झाल्यावर उत्तम. नजरेआड देऊ नका, कोपरे चावून गिळणारे महाभाग असतात.

फटाके, गडगडाट आणि अंगात घालायच्या वस्तू

अंगाला घट्ट बसणारं जाकीट: दोन गुण. काही कुत्र्यांना बरं वाटतं, काही नुसते गोठून उभे राहतात आणि यजमान त्यालाच 'शांत झाला' समजतो. शेपूट आत, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय आणि अंग हलत नाही, तर ती शांती नव्हे. दमट हवेत जाकीट पंधरा-वीस मिनिटांपलीकडे ठेवू नका. चवथीच्या काळात, एसी नसलेल्या खोलीत, तर वापरूच नका.

फेरोमोनचं, म्हणजे कुत्रीच्या अंगच्या पिल्लांना शांत करणाऱ्या गंधाची नक्कल सोडणारं, प्लगमधलं यंत्र, अडॅप्टिलसारखं: अडीच. कुपी साधारण ३० दिवस पुरते, ५० ते ७० चौरस मीटर जागेसाठी असते. हा हिशेब बंद खोलीचा. आपल्याकडे खिडक्या उघड्या, पंखा चालू, बाल्कांवाचं दार सताड. वास उरेल कसा? बंद एसीच्या खोलीत, सोफ्याच्या मागे न लपवता लावलं तर थोडा आधार म्हणून ठीक.

फटाक्यांचे ध्वनिमुद्रण ऐकवून सवय लावायची, हे ऐन चवथीच्या आठवड्यात सुरू करू नका. त्याला महिना-दोन महिने आधीचा निवांत काळ लागतो. फोनच्या स्पीकरमधून खालचा घुमणारा स्वर येतच नाही, म्हणून त्यावर शांत राहिलेला कुत्रा खऱ्या गडगडाटाला पूर्वीइतकाच भितो.

मग त्या रात्री करायचं काय? सगळ्यात आतली, कमी खिडक्यांची खोली. अंधार पडायच्या आत फिरवून आणणं. पंखा पूर्ण वेगात, त्याच्या जोडीला टीव्ही किंवा पावसाचा आवाज. पलंगाखाली जायचं असेल तर जाऊ द्या, ओढून काढू नका. जवळ येऊन टेकला तर हात ठेवा. लाड केल्यानं भीती वाढते हा गैरसमज आहे. दारांना कड्या घाला, आणि हार्नेस त्या रात्री अंगावर राहू द्या. दिवाळीआधीची नरकासुराची रात्र याहून कठीण, कारण मोठे स्पीकर आणि ढोल पहाटे नरकासुराच्या पुतळ्याच्या दहनापर्यंत चालतात. मुख्य जंक्शनजवळ घर असेल तर तेवढी रात्र कुत्र्याला आतल्या वाडीवरच्या नातलगाकडे नेणं हे कुठल्याही वस्तूपेक्षा भारी.

औषधं दुकानातून आणून देऊ नका. मावशीच्या परवानगीनं, तिच्याच पशुवैद्याशी आधी बोला. फ्लुऑक्सेटीनसारख्या रोजच्या औषधाला परिणाम दाखवायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे पंधरा दिवसांच्या मुक्कामात सुरू करून हाती काही येत नाही. आधीपासून चालू असेल तर मात्र एकही दिवस चुकवू नका. ट्रॅझोडोनसारखं प्रसंगापुरतं औषध लिहून दिलं असेल तर पहिली मात्रा शांत दिवशी देऊन बघा, फटाक्यांच्या रात्री पहिला प्रयोग नको. एसप्रोमॅझिन पूर्वी सर्रास द्यायचे. ते एकटं दिलं तर अंग सैल पडतं, भीती तशीच राहते. हे नाव चिठ्ठीवर दिसलं तर विचारा. अश्वगंधा, ब्राह्मी घातलेल्या वड्यांवर प्रत्येकाचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर पैसे वाचवा.

भुंकल्यावर फवारा मारणारे, कंप देणारे, विजेचा झटका देणारे पट्टे, आणि माणसाला ऐकू न येणारा तीव्र आवाज सोडणारी यंत्रं: गुण द्यायचेच नाहीत. भुंकणं बंद होतं, कारण आता भुंकण्याचीही भीती बसते.

शंभर पानी वही

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. रोज पाच रकाने: कशाला घाबरला, किती पावलांवर, खाल्लं का, सावरायला किती वेळ लागला, झोप कशी. 'सावरायला किती वेळ' हा रकाना सोडू नका. घाबरणं लगेच कमी होत नाही, पण चाळीस मिनिटांचं सावरणं दहा मिनिटांवर आलं तर प्रगती तीच. एका दिवसात दोन-तीन धक्के बसले तर दुसरा दिवस अगदी रिकामा ठेवा, फिरणंसुद्धा अंगणात. धक्के एकावर एक साचतात आणि चौथ्याला, क्षुल्लक कारणावरून, कुत्रा दात दाखवतो.

वहीच्या पहिल्या पानावर मावशीकडून लिहून घ्यायचं: खाण्याचं माप ग्रॅममध्ये, गोचिडांवरची गोळी शेवटची कधी दिली, रेबीज आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस कधी, पशुवैद्याचा नंबर. गोव्याला २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर केलं, पण त्यावर विसंबून लस टाळायची नसते. चावा बसलाच तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन सरळ आरोग्य केंद्र गाठायचं. आणि तो कुठल्या भाषेत ऐकतो तेही लिहा. कोंकणी घरातला कुत्रा 'यो' ला येतो. त्याला 'ये, ये' म्हणून बोलावलं आणि तो जागचा हलला नाही, तर हट्टी नाही, त्याला कळलंच नाही.

पावसात दोन पानं वेगळी ठेवा. बेडूक आणि भेक (खरखरीत कातडीचे बेडूक) फार निघतात. भेक तोंडात धरला की कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो आणि घरच्यांना त्याला फिट आली असं वाटतं. तोंड वाहत्या पाण्यानं बाहेरच्या बाजूला धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि डॉक्टरला फोन करा.

शेवटची वस्तू, पाच गुण: पितळी बिल्ला, त्यावर दोन नंबर, मावशीचा आणि तुमचा. खुळखुळणारा असेल तर मागे रबराची चकती लावून गप्प करा. फोनच्या ब्लूटूथवर चालणारे ट्रॅकर आसपास फोन असतील तेवढेच कामाचे, कुळागरात (सुपारीच्या बागेत) नाहीत. परत पाठवताना बिल्ल्यावरचा तुमचा नंबर खोडू नका. पुढची चवथ आहेच.